ऊन, खर्रा आणि शेवटचे ताट

चाळिशी गाठलेल्या माणसाला पानठेल्यावर कुणी ‘काकाजी, जरा सरका’ म्हटले की त्याचा तो दिवस काही धड जात नाही. घरी येऊन तो आरशात बघतो. आठवड्याभरात केसांना रंग लागतो, पुढच्या बाजाराला जाहिरातीतली एखादी ट्यूब घरात येते. पैसे जातात, पुढचा पोरगा पुन्हा ‘काकाजी’च म्हणतो.

आरशापेक्षा खरे सांगणारी एक तपासणी आहे आणि तिला काहीच लागत नाही. बाही खांद्यापर्यंत सारावी आणि दंडाची काखेलगतची, कायम झाकलेली आतली बाजू उजेडात धरावी. मग त्याच हाताच्या पंजाची मागची बाजू बघावी. कातडी एकाच माणसाची, एकाच वयाची. तरी दंडावरची मऊ आणि एका रंगाची असते, तर पंजावरची काळपट, खरबरीत, ठिपके पडलेली. चिमटीत धरून सोडली तर दंडाची कातडी लगेच जागेवर बसते, पंजाची रेंगाळते. दंडाने वय सोसले आहे. पंजाने वय सोसले, वर उन्हाचा मारही खाल्ला.

त्वचेचे म्हातारपण असे दोन प्रकारचे असते. एक वयाने येते, ते हळू येते आणि कुणाला चुकत नाही. दुसरे बाहेरून लादले जाते आणि ते बरेचसे टाळता येते. मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातला किरनापूर तालुका हा दुसरा प्रकार समजून घ्यायला चांगली जागा आहे. गोंदियाच्या शेजारचा हा धानाचा मुलूख. घरात पोवारी, मराठी, हिंदी अशा सगळ्या बोली नांदतात. ताटात भात, खिशात खर्रा, आणि पावसाळ्यात अख्खे गाव बांध्यांत वाकलेले. इथला माणूस वयाआधी थकलेला दिसतो तो मुख्यतः तीन कारणांनी: ऊन, तंबाखू-सुपारी आणि अपुरे ताट. तिन्ही सवयी बदलता येतात. मात्र त्यांतली एकही आरशासमोर उभे राहून बदलत नाही.

रोवणीचे ऊन

किरनापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून इथे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो: एकदा मेच्या अखेरीस आणि परत जुलैच्या मध्याला. पहिली वेळ तेंदूपत्ता तोडून झाल्याच्या सुमाराची, दुसरी ऐन रोवणीची. म्हणजे ज्या दिवसांत बाया सकाळपासून पऱ्हे उपटून चिखलात रोवत असतात, नेमके त्याच दिवसांत ऊन सर्वांत सरळ पडते. आभाळ भरलेले असते म्हणून ते जाणवत नाही. उष्णता ढगांनी अडते. अतिनील किरणे पातळ ढगांतून बऱ्याच प्रमाणात खाली येतात.

ही किरणे दोन जातींची. ‘बी’ किरणांनी कातडी भाजते, लाल होते, काळवंडते. ‘ए’ किरणे जास्त खोल जातात आणि त्वचेला ताण देणारे कोलॅजनचे धागे तोडतात. ती ना चटका देतात ना लगेच खूण सोडतात, आणि खिडकीच्या काचेतूनही आत येतात. याचा बोलका पुरावा अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाच्या चेहऱ्यावर सापडला. 28 वर्षे मालाची गाडी चालवलेल्या या 69 वर्षांच्या गृहस्थांचे छायाचित्र 2012 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. तिकडे चालक डाव्या खिडकीशी बसतो. त्यांचा डावा गाल जाड, खोल सुरकुत्यांनी भरलेला आणि लोंबलेला होता. उजवा गाल त्या मानाने कितीतरी तरुण. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा वर्षानुवर्षे बालाघाट-गोंदिया फेऱ्या मारणाऱ्यांनी आपले दोन्ही गाल एकदा ताडून बघायला हरकत नाही.

सावळ्या रंगाला निसर्गाने थोडी सूट दिलेली आहे. त्वचेतले मेलॅनिन किरणांचा काही भाग अडवते, त्यामुळे गोऱ्या कातडीच्या मानाने आपल्याकडे बारीक सुरकुत्या उशिरा पडतात. पण तेच मेलॅनिन चिडले की डाग पडतात. गालावरचा आणि नाकावरचा वांग, डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळे, मानेचा वेगळा रंग ही आपल्या चेहऱ्यावरची वयाची पहिली खूण. गरोदरपणात बऱ्याच बायांना वांग येतो आणि ऊन त्याला जाऊ देत नाही.

यावरचा पहिला उपाय दुपट्टा, आणि तो प्रत्येक घरी आहे. फक्त तो बांधण्यात थोडे डोके चालवावे लागते. पातळ पांढरा सुती कपडा किरणे बरीच आत सोडतो, आणि ओला झाला की आणखी जास्त. घट्ट विणीचा, गडद रंगाचा कपडा खूप चांगला अडवतो. म्हणून रोवणीला दोन दुपट्टे न्यावेत, एक भिजला की दुसरा बांधावा. डोक्यावर घेतल्याने कपाळ वाचते. गाल, नाक आणि मान मागून गुंडाळून घेतल्याशिवाय वाचत नाहीत. पुरुष शेला खांद्यावर टाकतात आणि मान उघडी ठेवतात, म्हणून त्यांची मान चेहऱ्याच्या आधी म्हातारी होते. सायकल किंवा मोटारसायकलवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा. वेळेचा नियम सोपा आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर ऊन धोक्याचे.

दुसरा उपाय सनस्क्रीन. शहरी चोचला म्हणून त्याची थट्टा होते, पण पुरावा पक्का आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावात 55 वर्षांखालच्या 903 माणसांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला आणि 2013 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले होते, बाकीच्यांना आपापल्या मर्जीवर सोडले होते. रोज लावणाऱ्यांच्या हाताच्या त्वचेवर त्या काळात म्हातारपणाची मोजण्याजोगी वाढ दिसली नाही. दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांच्यातला बदल 24 टक्के कमी होता. घेताना एसपीएफ 30 आणि ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे दोन शब्द बघावेत. चेहरा आणि मान यांना दोन बोटांवर भरून येईल एवढे लागते. चिमूटभर लावले तर ते न लावल्यासारखेच. घाम येणाऱ्या कामात दोन तासांनी पुन्हा लावावे लागते, आणि चिखलाचे हात असताना ते जमत नाही. म्हणून शेतात दुपट्टा आणि बाजार, शाळा, कचेरी, प्रवास यांसाठी सनस्क्रीन, अशी वाटणी व्यवहाराला धरून आहे.

गालातला खर्रा

पानठेल्यावर सुपारीचा चुरा पन्नीत पडतो, वर तंबाखू, वर चुना. पन्नीला पीळ देऊन ती जोरजोरात घोटली जाते, तोवर आतला ऐवज ओलसर आणि काळपट होतो. पुडी खिशात जाते आणि दिवसभर थोडी थोडी गालात. मध्य प्रदेशाने गुटख्यावर एप्रिल 2012 मध्ये देशात सर्वांत आधी बंदी घातली, महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत. खर्रा मात्र जागच्या जागी घोटला जातो आणि गावागावात टिकून आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत देशातली 28.6 टक्के प्रौढ माणसे तंबाखू वापरताना आढळली. मध्य प्रदेशात हे प्रमाण 34.2 टक्के होते.

कर्करोगाचे भय सगळ्यांना ठाऊक असते आणि ‘आपल्याला काही होत नाही’ म्हणून ते बाजूला सारलेही जाते. चेहऱ्याचे नुकसान मात्र प्रत्येकाला दिसेल असे असते. सुपारीतले अरेकोलीन गालाच्या आतल्या पेशींना जास्त कोलॅजन बनवायला लावते आणि सुपारीतल्या तांब्यामुळे ते धागे एकमेकांत घट्ट गुंततात. मऊ गालाची आतून दोरी होते, तोंड उघडेनासे होते. मौज अशी की हेच कोलॅजन वाढवायचे म्हणून लोक महागड्या ट्यूबा विकत घेतात. खर्रा ते फुकट वाढवतो, पण नको तिथे. गाल खपाटीला जातात, ओठ आवळले जातात, तिखट जेवण सोसत नाही, आणि घास लहान झाल्याने अंगही उतरते. हा रोग पूर्ण उलटवता येत नाही आणि त्यातून कर्करोगाची वाट सुरू होऊ शकते. नुसत्या सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 साली कर्करोगकारक ठरवले आहे. तपासणी आपली आपण करता येते: स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर दाताच्या डॉक्टरकडे जायला उशीर करू नये.

बायांकडे तंबाखू दुसऱ्या वाटेने पोचतो. गुडाखू किंवा नस दातांना घासायची सवय सकाळच्या चहाइतकी पक्की असते. बद्धकोष्ठ आणि दातदुखी ही दोन कारणे सांगितली जातात. प्रत्यक्षात तंबाखूने हिरड्या मागे सरकतात, दातांची मुळे उघडी पडतात आणि दात हलू लागतात. दात गेला की त्याला धरून ठेवणारे जबड्याचे हाडही झिजू लागते. हनुवटी नाकाकडे सरकते, ओठ आत वळतात, गालांना आतून आधार उरत नाही. पन्नाशीच्या आत दाढा गमावलेली बाई साठीची दिसते आणि कोणत्याही मलमाने ते झाकत नाही. रात्री झोपण्याआधी फ्लोराइडच्या पेस्टने दात घासणे ही चेहरा तरुण ठेवण्याची सर्वांत स्वस्त सवय आहे. गेलेल्या दातांच्या जागी कवळी बसवून घेण्यातही लाजण्यासारखे काही नाही. तिने चेहऱ्याची ठेवण सावरते आणि माणूस पुन्हा डाळ-भाजी चावून खाऊ लागतो.

विडीचा हिशेब वेगळा नाही. धुराने त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कोलॅजन तोडणारी रसायने वाढतात. अमेरिकेतल्या ट्विन्सबर्ग गावी दरवर्षी जुळ्यांचा मेळा भरतो. तिथल्या 79 जोड्यांचे चेहरे तपासून 2013 मध्ये एक अभ्यास छापला गेला. जास्त धूम्रपान करणाऱ्या भावाच्या किंवा बहिणीच्या डोळ्यांखालच्या पिशव्या, वरच्या ओठावरच्या रेषा आणि लोंबलेले गाल जोडीदाराच्या मानाने जास्त ठळक होते. सोडायचे ठरवले तर 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. पहिले काही दिवस चिडचिड होते आणि हात खिशाकडे जातो. तेव्हा तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेवावी. सुपारी मात्र नको, नाहीतर घरातला चोर अंगणात नेऊन बसवल्यासारखे होते.

शेवटचे ताट

बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा वास शेजारच्या आळीपर्यंत जातो आणि त्याचा अभिमान वाटावा असाच आहे. पण भाताने पोट भरते, कातडी आणि स्नायू भरत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने माणसाला दररोज वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. 55 किलोच्या बाईला साधारण 46 ग्रॅम. पाव किलो तांदळाचा भात खाल्ला तर त्यातून वीसेक ग्रॅम मिळतात. उरलेली डाळ, अंडी, मासे, दूध, चणे यांतून यायला हवीत, आणि नेमकी तीच घरात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला येत नाहीत. पातेल्याच्या तळाशी डाळीचे पाणी उरते, भात मात्र भरपूर असतो.

याची किंमत चेहऱ्यावर उमटते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वर्षांच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. डोळ्यांखालचा फिकटपणा, गळणारे केस, कोरडी त्वचा आणि सततचा थकवा यांना आपण ‘वय झाले’ म्हणतो. कित्येकदा ते लोहाची कमतरता असते आणि साध्या रक्ततपासणीत कळते. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतले सुमारे 30 टक्के कोलॅजन कमी होते. म्हणजे ज्या वयात सासूबाई ‘मला काय करायचे आहे आता’ म्हणून दुधाची वाटी नातवाकडे सरकवतात, त्याच वयात त्यांना तिची सर्वांत जास्त गरज असते.

उपाय परसात आणि बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, आहेत. मुनग्याची पाने डाळीत टाकावीत, त्यांत लोह आणि कॅल्शियम दोन्ही आहेत. बोडीतले बारीक मासे काट्यासकट खाल्ले तर हाडांना कॅल्शियम मिळते. जवसाची चटणी कोरड्या त्वचेला उपयोगी अशी स्निग्ध आम्ले देते. लाखोरीची डाळ प्रथिनांनी भरलेली आहे, मात्र ती रोजचे मुख्य अन्न करू नये. दुष्काळात महिनोन्महिने तिच्यावरच जगलेल्या माणसांचे पाय लुळे पडल्याचे मध्य भारताने पाहिले आहे. इतर डाळींसोबत अधूनमधून खाल्ली तर चालते. आवळा हवाच, कारण ‘क’ जीवनसत्त्वाशिवाय शरीराला कोलॅजन नीट विणता येत नाही. चरकसंहितेत वय टिकवणाऱ्या दहा वनस्पतींच्या गणात आवळा आहे. त्या गणाचे नावच वयःस्थापन. साखरेच्या पाकात बुडवलेला मुरब्बा मात्र जपून खावा. रक्तात साखर सतत जास्त राहिली की ती कोलॅजनच्या धाग्यांना चिकटते आणि ते कडक होतात. मधुमेह झालेल्या माणसाची त्वचा लवकर म्हातारी होते त्याचे हेही एक कारण.

मांडी घालून उठणे

माणूस लांबून येताना दिसतो तेव्हा सुरकुत्या दिसत नाहीत, चाल दिसते. तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायूंचा 3 ते 8 टक्के भाग कमी होतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. खांदे पुढे झुकतात, पोक येतो, पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागतो. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी 51 ते 80 वयाच्या 2002 माणसांना जमिनीवर बसून पुन्हा उठायला सांगितले आणि हात किंवा गुडघा टेकला की गुण कापले. 2012 मध्ये निष्कर्ष आले: सर्वांत कमी गुणवाल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतले मृत्यूचे प्रमाण कितीतरी जास्त होते.

ही परीक्षा आपली माणसे दिवसातून दोनदा देत आली आहेत, जेवायला बसताना आणि उठताना. डायनिंग टेबल आले तशी ती बंद पडली. गुडघे ठीक असतील तर एक वेळचे जेवण खाली बसूनच करावे आणि उठताना हात न टेकण्याचा प्रयत्न करावा. शेतातल्या कामाने अंग दमते, पण रोवणीत पाठ तासन्तास एकाच बाजूला वाकलेली राहते. म्हणून बांध्यातून वर आल्यावर भिंतीला पाठ, टाचा आणि डोके टेकवून काही मिनिटे ताठ उभे राहावे. दुकानात किंवा कचेरीत बसणाऱ्यांनी खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठ-बस करावी. पाण्याची भरलेली घागर उचलणारी म्हातारी आणि कळशीही न उचलणारी म्हातारी यांच्या चालीत दहा वर्षांचे अंतर दिसते.

झोपेबद्दल फार सांगायला नको. स्टॉकहोममध्ये 23 जणांचे फोटो एकदा पूर्ण झोपेनंतर आणि एकदा रात्रभर जागरण करवून काढले. कोणता फोटो कुठला हे न सांगता ते लोकांना दाखवले, तर जागलेले चेहरे जास्त थकलेले आणि आजारी वाटले. रात्री अकरापर्यंत मोबाइल आणि पहाटे चारला चूल, असा दिनक्रम असलेल्या घरात ही तूट एकाच माणसाच्या खात्यात जमा होत असते.

ट्यूब घेताना

गावच्या दुकानात ‘गोरे करणारी’ म्हणून मिळणारी प्रत्येक ट्यूब निरुपद्रवी नसते. काहींत तीव्र स्टिरॉइड असते. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, डाग फिके पडतात आणि शेजारीणही तीच ट्यूब आणते. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरमे आणि केस उगवतात, आणि बंद केले की चेहरा आगीसारखा जळतो. त्वचारोगतज्ज्ञांना हे रुग्ण इतके दिसू लागले की केंद्र सरकारने 2018 साली त्वचेला लावायची 14 स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली. काही बिननावाच्या क्रीममध्ये पारा असतो. 2023 साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीम वापरणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडल्याचे उघड झाले. वेष्टनावर घटक आणि उत्पादकाचा पत्ता नसेल तर ती वस्तू हातातही घेऊ नये.

केस रंगवताना ‘काळी मेंदी’ म्हणून विकली जाणारी पूड बहुधा मेंदी नसून रासायनिक रंग असतो. कानामागे थोडा लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज किंवा पुरळ आले तर तो डोक्याला लावू नये. थंडीत तडकणाऱ्या त्वचेसाठी मात्र महाग काही लागत नाही. कोमट पाण्याने अंघोळ, साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना, आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल. रोवणीच्या दिवसांत पायांच्या बोटांमधल्या चिखल्यांना रात्री पाय धुऊन पूर्ण कोरडे करणे हाच अर्धा इलाज.

आता हे सगळे दिसण्यासाठी कशाला, असे एखादे आजोबा विचारतील. त्यांच्यासाठी डेन्मार्कची एक गोष्ट आहे. सत्तरी ओलांडलेल्या 1826 जुळ्यांचे फोटो अनोळखी लोकांना दाखवून वय ओळखायला लावले आणि पुढे काही वर्षे त्यांची नोंद ठेवली. 2009 मध्ये कळले की जोडीतला जो जास्त म्हातारा दिसला होता, तो बहुतेक आधी गेला. चेहऱ्यावर जे उमटते ते आतल्या शरीराच्या हालहवालीचे असते, म्हणून दिसणे जपणारा माणूस नकळत जगणेही जपतो.

हे घरातल्या एकट्याने होत नाही. रोवणीची टोळी दुपारी बारा ते तीन सावलीत बसली की नाही, हे बांधीचा मालक ठरवतो. सकाळी तासभर आधी सुरू केले तर रोज बुडत नाही. खर्रा सुटतो तो पानठेल्यावरच्या चार मित्रांनी एकमेकांना पुडी देणे थांबवल्यावर. आणि बायकोच्या किंवा आईच्या चेहऱ्यावरचा फिकटपणा जातो तो सगळे एकत्र जेवायला बसून डाळ सारखी वाटल्यावर. हे तीन निर्णय घेतलेल्या घरात ट्यूबवर खर्च करायचे कारण फारसे उरत नाही. ‘काकाजी’ म्हणणारा तरी म्हणेलच, पण जरा थबकून, समोरच्याचे वय नीट न कळल्यामुळे.